भाडेकरूसह घर विकत घेताना : गोव्यातल्या नव्या खरेदीदारासाठी

गोव्यात भाड्याने दिलेले जुने घर, छोटा फ्लॅट किंवा बाजारातला गाळा घ्यायला निघालेला माणूस आधी किंमत बघतो, मग टायटल (मालकी हक्काचे कागद). वकील कागद तपासतात, बँक मूल्यांकन करते, आणि आत राहणाऱ्या माणसाची चौकशी व्हायची राहून जाते. माझे सांगणे नेमके उलटे आहे. आधी आत कोण आहे ते बघा, मग कागद उघडा. म्हापशात खाली गाळा आणि वर दोन बिऱ्हाडे असलेले एक जुने घर मी भाडेकरूंसह घेतले. त्या व्यवहारात ज्या गोष्टी कुणी एका जागी सांगितल्या नाहीत, त्या इथे लिहितो आहे.

कायदा काय म्हणतो ते सुरुवातीलाच समजून घ्या. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार खरेदीखत झाले की तुम्ही जुन्या मालकाच्या जागी उभे राहता. त्याचे हक्क तुमच्याकडे येतात आणि त्याने भाडेकरूला दिलेले शब्दही तुमच्या गळ्यात पडतात. मालक बदलला म्हणून भाडेपट्टा संपत नाही. शिवाय जागेवर ज्याचा प्रत्यक्ष ताबा आहे त्याचा जो काही हक्क असेल, तो खरेदीदाराला ठाऊक होता असे हाच कायदा धरून चालतो. त्यामुळे ‘मला कुणी सांगितलेच नव्हते’ हे उत्तर न्यायालयात चालत नाही.

१. आत कोण राहते आणि कोणत्या नात्याने, ते ठरवा

विकणारा सगळ्यांनाच ‘भाडेकरू’ म्हणतो. पण गोव्यात दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्याचे नाते निरनिराळ्या कायद्यांखाली येते, आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा लागतो.

पहिला, खरा भाडेकरू. त्याला गोवा, दमण आणि दीवचा १९६८ चा इमारत भाडे नियंत्रण कायदा संरक्षण देतो. जुन्या भाडेकरूला नुसती नोटीस देऊन बाहेर काढता येत नाही. कायद्यात दिलेले कारण दाखवून सक्षम अधिकाऱ्यापुढे अर्ज करावा लागतो.

दुसरा, लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा. त्याच्याकडे फक्त वापरण्याची परवानगी असते. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात तर स्पष्ट लिहिले आहे की मालमत्ता विकली गेल्यावर असा परवाना नव्या मालकावर आपोआप बंधनकारक राहत नाही. हे वाचून खरेदीदार खूश होतात. पण थांबा. कागदावर ‘लायसन्स’ लिहिले म्हणून ते लायसन्स ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितले आहे की मथळा न बघता व्यवहाराचे खरे स्वरूप बघायचे, आणि जागेचा अनन्य ताबा कुणाकडे आहे हा त्यातला मोठा मुद्दा आहे. दहा वर्षे दर अकरा महिन्यांनी तोच कागद नव्याने करून राहणारा माणूस स्वतःला भाडेकरू म्हणवून घेऊ शकतो, आणि मग तुम्हाला वाद घालावा लागतो.

तिसरा मुंडकार, आणि गोव्याबाहेरून आलेला खरेदीदार बहुधा इथेच फसतो. पेडणे, डिचोली, फोंडा, बार्देशच्या गावांत घरासोबत भाट (माडा-झाडांची बागायती जमीन) घेतले की कोपऱ्यात एखादे छोटे घर असतेच. भाटकाराच्या, म्हणजे त्या जमिनीच्या मालकाच्या, संमतीने त्या घरात कायम वस्ती करून राहणारे कुटुंब मुंडकार असू शकते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने अशा कुटुंबाला घरातून काढण्यापासून संरक्षण आहे. शिवाय ते घर आणि त्याभोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्कही आहे. या हक्कासाठी त्यांच्याकडे करारपत्र असण्याची गरज नाही. ‘तो तर आमचा राखणदार, त्याचे काही नाही’ असे विकणारा म्हणाला, तर त्या वाक्यावर एक रुपयाही देऊ नका. मामलेदार कार्यालयात मुंडकारांच्या नोंदवहीत नाव आहे का ते बघा, आणि एखादा दावा प्रलंबित आहे का तेही विचारा. एक गोष्ट लक्षात ठेवा : घराचे भाडे भरणारा माणूस मुंडकार ठरत नाही. म्हणजे भाड्याची पावती भाडेकरूच्या जितकी कामाची, तितकीच तुमच्याही.

चौथे कूळ. घरामागे शेत किंवा बागायत असेल तर १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची पुढची दुरुस्ती लागू होते. त्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा कृषकदिन धरून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा खरेदीदार मानले आहे. अशा जमिनीचा मालक म्हणून मिरवणाऱ्याकडे विकायला उरलेच काय, हा प्रश्न आधी विचारा. भातशेतीचा तुकडा सौद्यात घुसडला असेल तर २०२३ च्या कायद्याने शेतकरी नसलेल्याला भातजमीन विकण्यावर निर्बंध आणले आहेत, तेही वकिलाला विचारून घ्या.

आणि शेवटी विकणाऱ्याची आत्या, चुलत भाऊ, ‘थोडे दिवस राहतोय’ असा कुणीतरी. यांच्याकडून ‘आमचा कसलाही हक्क नाही’ असे लिहून घ्या आणि खरेदीखताआधी जागा मोकळी होऊ द्या. नात्यातला माणूस व्यवहारानंतर कधीच सहज निघत नाही.

२. कागद गोळा करा, पण कोणता कागद काय सांगत नाही तेही ओळखा

हे कागद मागा :

- गावात एक-चौदाचा उतारा (मालक, कूळ आणि इतर हक्क दाखवणारा जमिनीचा उतारा), शहरात फॉर्म डी (नगर भूमापनातला तसाच उतारा), चलता नंबर आणि पी. टी. शीट नंबर (भूमापनातले जागेचे क्रमांक)
- सर्व भाडेकरार, जुने आणि संपलेले धरून
- भाडेपावत्यांची पुस्तके किंवा बँकेतल्या नोंदी, निदान तीन वर्षांच्या
- अनामत घेतल्याचा पुरावा
- पंचायत किंवा पालिकेच्या घरपट्टीच्या पावत्या
- वीज आणि पाण्याची ताजी बिले, जोडणी कुणाच्या नावावर आहे ते दिसेल अशी
- सब-रजिस्ट्रारकडचा बोजा नसल्याचा दाखला
- फ्लॅट असेल तर सोसायटीचे ना हरकत पत्र आणि देखभाल थकबाकीचा तपशील
- भाडेकरूशी झालेला सगळा पत्रव्यवहार, नोटिसा, दाव्यांचे कागद

एक-चौदाच्या उताऱ्यावर मालकाच्या नावावर नजर टाकून पान मिटवू नका. कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना शांतपणे वाचा. तिथे कुणाचे नाव असेल तर ते ‘जुने आहे, काढायचे राहून गेले’ असे उत्तर मिळेल. मग विकणाऱ्यानेच ते काढून आणावे. ते काम तुमच्याकडे घेऊ नका.

बोजा नसल्याचा दाखला हातात आला की लोक निर्धास्त होतात. पण त्यात फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून तर सगळीकडे अकरा महिन्यांचे करार होतात. ते करार, तोंडी भाडे आणि मुंडकार यांतले काहीही त्या दाखल्यात येणार नाही. दाखला कोरा आहे म्हणजे घर मोकळे आहे असे नाही.

गोव्याची आणखी एक खास गोष्ट. इथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा चालतो, आणि सर्वसाधारणपणे नवरा-बायको मालमत्तेत समान भागीदार असतात. भाडेकरार एकट्या भावाच्या सहीने झालेला, भाडे तोच घेतो, आणि बाकीची भावंडे आखातात किंवा लंडनला, हे चित्र फार सर्रास दिसते. विक्रीला मात्र सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या किंवा रीतसर मुखत्यारपत्रे लागतात. उत्तराधिकाराचे पत्र किंवा इन्व्हेंटरीचा (वारसांतल्या वाटणीचा) न्यायालयीन आदेश बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. आणि बाहेरच्या भावंडांनाही विचारा की भाडेकरूला त्यांनी वेगळा काही शब्द दिला आहे का.

३. करार ओळीओळीने वाचा

मुदत, भाडे आणि भाडेवाढ हे सगळेच बघतात. ज्यांच्याकडे दुर्लक्ष होते ती कलमे ही : मुदतवाढीचा पर्याय कुणाच्या हातात आहे, जागा विकायची झाल्यास आधी भाडेकरूला विचारायचे असे कलम आहे का, पोटभाडेकरू ठेवायला परवानगी आहे का, भाडेकरूने स्वखर्चाने केलेल्या बांधकामाचे पैसे निघताना द्यायचे आहेत का. गाळ्याच्या बाबतीत पोटमाळा, शटर आणि पुढचे पत्रे कुणी लावले ते विचाराच. आणि पत्र्यांना पालिकेची परवानगी आहे का, तेही.

मुदत संपली पण भाडे चालू आहे आणि मालक ते घेतो आहे, अशी स्थिती असेल तर भाडेकरू ‘बेकायदा’ झाला असे समजू नका. मालकाने भाडे स्वीकारले की भाडेपट्टा पुढे चालू राहिला असे धरले जाते. महिन्याच्या भाडेपट्ट्याला पंधरा दिवसांची नोटीस पुरते हे मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले वाक्य लोक तोंडपाठ म्हणतात. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या जागेत नुसत्या त्या नोटिशीने कुणी बाहेर पडत नाही.

४. भाडेकरूला भेटा, आणि त्याचे म्हणणे लेखी घ्या

या लेखातली एकच पायरी करायची तुमची तयारी असेल, तर ही करा.

बयाणा देण्याआधी विकणाऱ्यासोबत जा आणि प्रत्येक भाडेकरूला त्याच्या जागेत भेटा. माझ्या घराच्या गाळ्यात एक शिंपी होता. विकणाऱ्याने सांगितले होते की तो अलीकडेच आला आहे, अकरा महिन्यांच्या करारावर आहे, आणि सांगताच जागा सोडेल. मी त्यांना सहज विचारले, “काका, इथे कधीपासून?” त्यांनी शिलाई मशीन थांबवले, मागच्या फळीवरून रबर लावलेला एक गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मनीऑर्डरच्या पावत्या होत्या. आधीच्या मालकाने भाडे घेणे बंद केले तेव्हापासून ते दर महिन्याला टपालाने पाठवत आले होते, आणि परत आलेल्या प्रत्येक मनीऑर्डरचा कागदही त्यांनी जपला होता. शाई फिकी झालेली, पण म्हापसा टपाल कार्यालयाचा शिक्का नीट वाचता येत होता. अकरा महिन्यांचा करार नंतरचा निघाला. काकांनी सही केली होती, पण त्यांचा ताबा त्याच्या कितीतरी आधीचा होता. त्या एका गठ्ठ्याने गाळ्याची किंमत आणि सौद्याची सगळी भाषा बदलली.

भाडेकरूंना प्रश्न विचारताना पोलिसी सूर लावू नका. मालक बदलणार म्हटल्यावर त्यांच्या पोटात गोळा आलेला असतो. तुम्ही कोण, जागा का घेताय, भाडे लगेच वाढवणार आहात का, हे आधी तुम्हीच सांगा. माणसे मोकळी होतात. गळणारे छप्पर, वाकडी मोरी, बंद पडलेली टाकी, शेजाऱ्याशी असलेला वाटेचा वाद, ही माहिती विकणाऱ्याच्या तोंडून तुम्हाला कधीच मिळाली नसती.

त्यानंतर प्रत्येकाकडून एक निवेदन लिहून घ्या. वकील चार ओळींत बसवून देईल. त्यात असावे : कधीपासून राहतो, कोणत्या नात्याने, दरमहा भाडे किती, ते कोणत्या महिन्यापर्यंत भरले, अनामत किती आणि कुणाकडे दिली, आगाऊ भाडे दिले आहे का, कुणी पोटभाडेकरू आहे का, मालकाकडून कोणते काम होणे बाकी आहे, आणि मालकाने आणखी काही कबूल केले आहे का. खाली भाडेकरूची आणि विकणाऱ्याची, दोघांचीही सही. भाडेकरूला मराठी किंवा कोंकणी सोयीची असेल तर इंग्रजी मसुद्यावर सही मागू नका. वाचून कळलेल्या कागदालाच पुढे किंमत असते.

आकडे ताडून बघा. विकणारा सांगतो ते भाडे, करारातले भाडे आणि बँकेत जमा होणारे भाडे हे तीन आकडे बऱ्याचदा जुळत नाहीत. एका कुणाला विचारून समाधान मानू नका, दोघांना समोरासमोर विचारा.

भाडेकरू सही करायला नाही म्हणाला तर? तो त्याचा हक्क आहे. पण का नाही म्हणतो ते समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा अनामतीचा किंवा जुन्या भांडणाचा विषय असतो.

५. भाडेकरूसह घ्यायचे की रिकामे करून, हे आधीच ठरवा

‘तुम्ही खरेदीखत करा, मी महिन्याभरात खाली करून देतो’ हे वाक्य गोव्यातच काय, कुठेही ऐकाल. खरेदीखतानंतर विकणाऱ्याला ते करण्याचे काही कारण उरत नाही. रिकामी जागा हवी असेल तर किल्ल्या आधी, सही नंतर.

जुना संरक्षित भाडेकरू असेल तर कायद्यातली कारणे मोजकी आहेत. उदाहरणार्थ, एकूण तीन महिन्यांचे भाडे थकले आणि नोंदणीकृत नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत ते भरले नाही, तर अर्ज करता येतो. म्हणजे नोटीस मिळताच त्याने पैसे भरले तर ते कारण संपले. परवानगीशिवाय जागा दुसऱ्याला देणे किंवा इमारतीचे नुकसान करणे अशीही कारणे आहेत. पण प्रत्येक कारण सिद्ध करावे लागते आणि अपिले होतात. माझ्या मते, ‘घेऊ या, मग काढू’ असा हिशेब मनात धरून संरक्षित भाडेकरूचे घर घेणे हा वाईट सौदा आहे. तो भाडेकरू पुढची कित्येक वर्षे त्याच भाड्यात राहील असे धरून किंमत लावा. त्या किमतीत परवडत असेल तरच घ्या.

भाडेकरू पैसे घेऊन जागा सोडायला तयार असेल, तर तो रस्ता दोघांच्याही सोयीचा आहे. जागा परत केल्याचे लेखी पत्र, घरातल्या सज्ञान माणसांच्या सह्या, आणि उरलेली मोठी रक्कम किल्ल्या हातात येताना बँकेमार्फत. ही रक्कम कोण देणार, विकणारा की तुम्ही, हे साठेखतातच (खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारातच) लिहा.

पाणी तोडणे, वीज बंद करणे, कुलूप बदलणे असल्या वाटेला चुकूनही जाऊ नका. कायद्याच्या मार्गाशिवाय ताबा काढून घेतला तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याखाली तो माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी तुमची आहे हा बचाव चालत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कुणाच्या चुलीवर पाणी ओतून स्वतःचे घर उभे करू नये, असे मला मनापासून वाटते.

६. साठेखतात आणि खरेदीखतात हे लिहून घ्या

भाडेकरूंची यादी परिशिष्ट म्हणून जोडा : नाव, जागा, भाडे, अनामत, करार. यादीबाहेरचा कुणी हक्क सांगत आला तर जबाबदारी विकणाऱ्याची, हे कलम त्याच परिशिष्टाला बांधा.

अनामत किमतीतून वळती करा. भाडेकरू उद्या जाताना पैसे तुमच्याकडेच मागणार, आणि जुना मालक तेव्हा फोन उचलेलच असे नाही. आगाऊ घेतलेले भाडेही तसेच वजा करा.

थकबाकीचे नीट बोला. वेगळे काही लिहिले नसेल तर खरेदीच्या आधीचे थकलेले भाडे मागण्याचा हक्क विकणाऱ्याकडेच राहतो. तो हक्क तुम्हाला हवा असेल तर स्पष्ट शब्दांत तुमच्याकडे वळवून घ्या. ज्या तारखेपासून भाडे तुमचे, ती तारीखही लिहा. महिन्याच्या मधोमध सही होत असेल तर दिवसांचा हिशेब करा.

मूळ करार, पावतीपुस्तके आणि भाडेकरूंची निवेदने सहीच्या दिवशी ताब्यात घ्या. ‘घरी आहेत, पाठवतो’ यावर विसंबू नका.

करकपातीबद्दल थोडक्यात : किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरायचा असतो. विकणाऱ्यांपैकी कुणी अनिवासी असेल तर नियम आणि दर पूर्ण वेगळे, आणि पन्नास लाखांची मर्यादाही लागू नाही. गोव्यात हे वारंवार घडते, म्हणून सनदी लेखापालाला आधी दाखवा. कर कापला नाही तर वसुली तुमच्याकडून होते.

७. सही झाल्यावरचा पहिला महिना

विकणाऱ्याच्या आणि तुमच्या संयुक्त सहीचे पत्र प्रत्येक भाडेकरूला द्या : मालक बदलला, अमुक तारखेपासून भाडे या खात्यात, अनामत आता नव्या मालकाकडे. पोचपावती घ्या. हे पत्र लांबवू नका, कारण विक्रीची कल्पना नसलेल्या भाडेकरूने जुन्या मालकाला भाडे दिले तर ते दिलेच गेले असे धरतात. तुम्ही ते त्याच्याकडून पुन्हा मागू शकत नाही.

मामलेदाराकडे म्युटेशनचा (सरकारी नोंदीत मालकाचे नाव बदलण्याचा) अर्ज लगेच करा. त्याच्या नोटिसा संबंधितांना जातात, आणि लपलेला वारस किंवा मुंडकार असेल तर तो बहुधा याच वेळी हरकत घेऊन पुढे येतो. घरपट्टी, वीज आणि पाणी नावावर करण्याचे अर्ज त्याबरोबरच.

भाडेकरूंची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात भरून द्या. जुन्या मालकाने दिली होती असे सांगितले तरी तुम्ही पुन्हा द्या आणि शिक्क्याची प्रत ठेवा. एखादा भाडेकरू जागा पर्यटकांना दिवसाच्या हिशेबाने देत असेल, तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याची नोंदणी आहे का ते विचारा. किनारपट्टीच्या गावांत हे हमखास आढळते, आणि त्यात पोटभाड्याचा प्रश्नही दडलेला असतो.

नवा करार करायची घाई नको. जुन्या भाडेकरूपुढे अकरा महिन्यांचा नवा कागद ठेवून सही मागितली तर त्याचा विश्वास पहिल्याच आठवड्यात जातो, आणि सहीने त्याचे जुने हक्क पुसले जातील याची खात्री नाही. ज्यांचे करार खरोखर मुदतीचे आहेत, त्यांची मुदत संपताना नवा करा.

जागेची छायाचित्रे भाडेकरूसमोर काढा आणि मीटरच्या आकड्यांची नोंद ठेवा. छप्पर आणि मोरीची कामे पावसाआधी, मे महिन्यात उरकून घ्या. भाडे यूपीआयने आले तरी दर महिन्याची पावती द्या. आयकर विवरणपत्रात हे उत्पन्न दाखवताना भरलेली घरपट्टी आणि उरलेल्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, तेव्हा त्या पावतीपुस्तकाची स्थळप्रत तुमच्याही उपयोगाची आहे.